दारावरचं शून्य

आमच्या दवाखान्यात बोलायची चोरी होती. कोणी ओट्यावर टेकता टेकता म्हणालं, "साहेब, गावात सगळ्यायले ताप हाय," की डॉक्टरसाहेब पेनाचं टोपण काढत आणि विचारत, "सगळे म्हणजे किती जण?"

माणूस गडबडायचा. डोकं खाजवायचा. "आता सगळे म्हणजे... माह्या घरचे तिघं, अन् शेजारची बुडी."

"चार," साहेब वहीत लिहीत. "चार म्हणजे सगळे नव्हेत. बसा, गोळ्या घेऊन जा."

बरं, हे पेशंटपुरतं असतं तर चाललं असतं. एकदा सरपंच मिशीवर हात फिरवत म्हणाले, "साहेब, अख्खं गाव मले मानते." साहेबांनी त्यांनाही सोडलं नाही. सरपंचांनी बोटं मोजायला सुरुवात केली, सहाव्या बोटाला अडकले, आणि त्यानंतर महिनाभर दवाखान्याच्या रस्त्यानं गेले नाहीत. खोकला झाला तरी मालेगावला जाऊन औषध आणलं.

मी तिथं सिस्टर होते. माहेर माझं किन्हीराजाचं. छप्पनच्या धर्मांतरानंतर बापानं घरातले देव सोडले आणि त्याच हिमतीनं मला नर्सिंगला घातलं. अकोल्याला ट्रेनिंग झालं आणि पहिलीच नेमणूक मालेगावपासून आत असलेल्या या खेड्यात. वाशीम तेव्हा जिल्हा व्हायचा होता, आमचा सगळा कारभार अकोल्याहून चालायचा. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. दवाखाना म्हणजे तीन खोल्या, एक ओटा, एक कडुनिंब आणि हे साहेब.

ते पुण्याकडचे. बोलणं सगळं पुस्तकातलं. पाच-सहा वर्षांत आमची भाषा त्यांच्या अंगात शिरली, पण ती बाहेर पडायची फक्त आनंद झाला की. रागावले की शुद्ध पुणेरी, खूश झाले की वऱ्हाडी. त्यामुळे आम्हाला तोंड न बघता त्यांचा मूड कळायचा. लग्न केलेलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणत, "त्यात नमुना एकच मिळतो हो. एका नमुन्यावरून निष्कर्ष कसा काढायचा?"

निष्कर्ष हा त्यांचा लाडका शब्द. आणि त्याच्या मागोमाग मर्यादा. कोणाच्या घरी जेवायला बोलावलं तर आम्हीच घाबरून असायचो. हात धुऊन झाले की ते घरधनिणीला उभं राहून सांगत, "वांग्याची भाजी. निष्कर्ष : उत्तम. मर्यादा : मी सकाळपासून उपाशी होतो, त्यामुळे मत पक्षपाती असू शकेल." बाई बिचारी पदरात तोंड लपवून आत पळायची. मग गावातली पोट्टी एकमेकांना चिडवायला लागली, "तुही मर्यादा काय बे?"

मला मात्र त्या वेडापायी एक मोठी गोष्ट मिळाली. दवाखान्याला सरकारी सायकल होती आणि ती भिंतीला टेकून गंजत होती. मी बाळंतपणांना चार-चार खेडी पायी तुडवायची. एक दिवस साहेब म्हणाले, "सिस्टर, सायकल का शिकत नाही?"

"लोक नावं ठेवतील, साहेब."

झालं! टोपण निघालं. "किती लोक?"

मला एक पाठकोरी वही देऊन त्यांनी हुकूम सोडला की आठ दिवस सायकल हातात धरून नुसतं गावातून चालायचं आणि जो नावं ठेवील त्याचं नाव लिहायचं. मी इमानदारीनं लिहिलं. आठ दिवसांत सहा नावं झाली, त्यातली दोन याच गावात राहणाऱ्या माझ्याच मामा-मामीची. साहेबांनी वही पाहिली. "सहा माणसांसाठी तुम्ही सगळा जन्म पायी चालणार?" मी त्याच संध्याकाळी टांग टाकली आणि नाल्यात पडले. पण पंधरा दिवसांत अशी सायकल चालवू लागले की मामी स्वतःहून म्हणाली, "मले बाजारात सोडून देशीन का वं?"

आता त्या दाराचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते.

साहेबांच्या तपासणीच्या खोलीला हिरवं दार होतं. त्याच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेलं असायचं, "उल्लेख : ०". गावात त्याचे नाना अर्थ लावत. बऱ्याच लोकांचं मत होतं की आज दवाखान्यात किती माणसं मेली त्याचा तो आकडा आहे. शून्य दिसलं की लोकांना धीर यायचा. दवाखान्याला रंग द्यायला माणसं आली तेव्हा साहेबांनी सगळं रंगवू दिलं, ते दार सोडून.

मी नवीन असताना विचारलं, "साहेब, हे काय आहे?"

"ती माझी जगातली किंमत," ते म्हणाले, आणि मग समजावून सांगितलं. साहेबांच्या डोक्यात संशोधनाचा किडा होता. या आडगावात बसून ते पेपर लिहीत आणि डॉक्टरांच्या मासिकांना पाठवत. तोवर दोन छापून आले होते. एक ज्वारीचं कुसळ डोळ्यात गेल्यावर काय होतं यावर, दुसरा टाचांच्या भेगांवर. "पण छापून येणं म्हणजे काही नाही, सिस्टर. कोणीही नवा पेपर लिहिला की शेवटी बारीक टायपात यादी देतो, मी अमक्याचं वाचलं, तमक्याचं वाचलं आणि त्याच्या खांद्यावर उभा राहिलो. त्या यादीत आपलं नाव यायला हवं. त्याला म्हणतात उल्लेख. दोन पेपर झाले, उल्लेख शून्य. म्हणजे मी ओरडलो आणि कोणीच ऐकलं नाही."

मोठ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत त्यांचा एक दोस्त होता. कोणी कोणाचा उल्लेख केला याची जाडजूड पुस्तकं तिथं यायची. तो दरवर्षी दिवाळीच्या सुमारास त्यात साहेबांचं नाव शोधायचा आणि एका ओळीचं पत्र टाकायचा : "यंदाही नाही." साहेब ते वाचून दारापाशी जात, जुनं शून्य पुसत आणि नवं, ठसठशीत शून्य काढत. हसत हसतच काढत, पण मी पाठमोरे खांदे बघितले आहेत. मला फार वाईट वाटायचं.

पेपरांची ये-जा पोस्टमन मुनीरभाईंच्या हातून व्हायची. मालेगावहून डाक घेऊन सायकलवर यायचे. मुनीरभाईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण संपादकाचं मन त्यांना लिफाफ्याच्या जाडीवरून कळायचं. पेपर नापसंत झाला तर सगळे कागद परत येत, लिफाफा जाड. पसंत झाला तर नुसती एक चिठ्ठी, लिफाफा पातळ. मुनीरभाई चावडीपासूनच ओरडत यायचे, "साहेब, मोटा हाय जी!" अख्ख्या गावाला कळायचं. बाया हौदावर एकमेकींना विचारायच्या, "आज डाक्टरले मोटा आला का पतला?"

आणि बहुतेक मोटाच यायचा. साहेब तो ओट्यावर फोडून मोठ्यानं वाचायचे. "पाहा, किती सभ्य माणूस आहे. तीन वेळा खेद व्यक्त केलाय. आपल्याकडे पोरगी नाकारतानासुद्धा कोणी इतका खेद करत नाही."

मग आला बिबा.

आमच्याकडे बिब्याची झाडं रानोमाळ. गुडघा धरला, कंबर धरली, पाय मुरगळला, की बिबा तापवायचा, सुई त्याच्या काळ्या तेलात बुडवायची आणि दुखऱ्या जागी रेघा ओढायच्या. कोणाला गुण यायचा. कोणाला मात्र बिबा उतायचा, म्हणजे फोड, खाज, सूज, आग आग. मग तो माणूस आमच्याकडे. बिबा लावण्यात आमच्या गावात यमुनाबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. साठीची बाई, काटक, तोंडाची फटकळ. अक्षराशी ओळख नाही, पण बिब्याची रेघ अशी ओढायची की वाटावं पट्टी लावून काढली.

दुसरा डॉक्टर असता तर तिच्याशी भांडला असता. साहेबही भांडले, पण वही घेऊन. तिच्याच ओट्यावर जाऊन बसले. "यमुनाबाई, बिबा उतल्यावर तुम्ही काय लावता?"

"तिळाचं तेल जी. दुसरं काय!"

"लोक तर खोबरेल लावतात."

"लोकायले काय समजते? तिळाचंच खरं. सगळे म्हणतेत."

"सगळे म्हणजे किती जण?"

यमुनाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमी मोजा न मंग! तुमाले कोनं अडवलं?"

साहेबांनी ते मनावरच घेतलं. दोन बाटल्या भरल्या, एक तिळाच्या तेलाची, एक खोबरेलाची. बिबा उतलेला पहिला पेशंट आला की त्याला तीळ, दुसऱ्याला खोबरं, एक आड एक. तिसऱ्या दिवशी बोलवायचं, सातव्या दिवशी बोलवायचं, फोड पट्टीनं मोजायचा, आग किती थांबली ते विचारून लिहायचं. आणि त्यांनी शपथ घेतली की शंभर पेशंट झाल्याशिवाय तोंड उघडणार नाही. "जन्मभर लोकांना 'किती जण' विचारलं. आता मला कोणी विचारलं तर शंभर म्हणून सांगता यायला हवं."

दोन वर्षं हा उद्योग चालला. मधेच त्यांच्या जुन्या गुरुजींचं पत्र आलं. कॉलेजात शिकवायची एक जागा पुढच्या वर्षी निघणार होती. परदेशातल्या मासिकात एक पेपर छापून आण, बाकीचं मी बघतो, असं त्यांनी लिहिलं होतं. ते पत्र साहेब दहादा वाचत. "सिस्टर, तिथं लायब्ररी आहे. चार मजली. नुसतं आत जाऊन उभं राहिलं तरी माणसाला दोन पेपर सुचतील." त्यांचे डोळे असे चमकत की मला कळायचं, या माणसाला तिथंच असायला पाहिजे. इथं आमच्या खोकल्या-खरजेत कायले राह्यला हा?

दिवाळी झाली, कापसाची वेचणी सुरू झाली. गुडघे धरून बसायला कोणाला सवड नव्हती. आकडा एक्क्याण्णववर येऊन अडकला. पंधरा दिवस झाले, बिबा उतलेलं एक माणूस येईना. साहेब जेवेनात. ओट्यावर येऊन रस्त्याकडे बघत राहायचे. येणाऱ्या प्रत्येकाच्या गुडघ्याकडे त्यांचं लक्ष.

अशात मी यमुनाबाईंच्या सुनेच्या बाळंतपणाला गेले. पोर सुखरूप झालं. चहा पिता पिता यमुनाबाईंनी विचारलं, "काहून वं शिस्टरबाई, तुहा साहेब वाळून राह्यला?"

मी म्हटलं, "त्याले नऊ कमी पडून राह्यले, मावशी. एक्क्याण्णव झाले. शंभर पायजेत, तवा पेपर जाईन, तवा त्याले शहरात जागा भेटीन."

"एवढंच?" त्या म्हणाल्या आणि चुलीत काडी सारली. मी पण विसरून गेले.

चार दिवसांनी दवाखान्यात गर्दी. बिबा उतलेला एक आला, दुसरा आला. आठवड्यात नऊ! त्यात चक्क सरपंच, मिशा खाली करून. त्यात मुनीरभाई, डाकेची पिशवी गळ्यात तशीच. साहेबांना आनंदानं काही सुचेना. "या जी, बसा जी, कुठी उतला दाखवा बरं!" वऱ्हाडी नुसती धो धो वाहत होती. मी मलमपट्टी करत होते. माझ्या लक्षात आलं की नऊही जणांचा फोड डाव्या पोटरीवर आहे, एवढाएवढाच, आणि नऊही जण फोड दाखवताना हसू दाबून बसलेत. खरं सांगते, माझ्या मनात पाल चुकचुकली. पण साहेबांचं तोंड बघितलं आणि गप्प बसले. ही माझी चूक, आणि ती मी कोणावर ढकलत नाही.

शंभर झाले. शंभरांचा हिशेब मांडला तर तीळ जिंकला, खोबरं हरलं. संक्रांतीला पेपर गेला. ऐन उन्हाळ्यात चावडीकडून आरोळी आली, "साहेब! पतला! या खुदा, पतला हाय जी!" मुनीरभाई सायकल टाकून धावतच आले. त्या दिवशी साहेबांनी गावाला गूळ वाटला.

पुढच्या दिवाळीच्या आगेमागे पेपर छापून आला आणि मग रंगीत कार्डं यायला लागली. कुठकुठल्या देशांतले डॉक्टर, आम्हाला एक प्रत पाठवा म्हणून लिहीत. मी म्हटलं, "साहेब, आता शून्य पुसा." ते म्हणाले, "छे. मागितलं म्हणजे मानलं नव्हे. थांबा." पण कार्डं त्यांनी सुतळीला ओवून खोलीभर टांगली होती. मुलाखतीचंही पत्र आलं. त्यांनी ट्रंक खाली काढून पुसून ठेवली.

त्याच आठवड्यात मालेगावच्या बाजारात यमुनाबाई भेटल्या. लसूण निवडत होत्या. माझ्या कानाशी येऊन ठसक्यात म्हणाल्या, "साहेबाची जागा पक्की ना वं? त्याले सांगजो नोको, पण त्याचे नऊ म्याच पुरे केले."

मी विचारलं, "पुरे केले म्हंजे?"

"म्हंजे लावून देल्ला बिबा! चांगल्या धडधाकट लोकायले. साहेबासाठी एवढं नाई करतीन का लोकं? अन् सांगून ठेवलं, तिळाची बाटली देल्ली त म्हनजा लवकर बरं झालं, खोबऱ्याची देल्ली त म्हनजा आग होऊन राह्यली. मले मालूम होतं, साहेबाले तिळाचंच जिकलेलं आवडते."

घरापर्यंत सायकल कशी चालवली मला आठवत नाही. सांगावं तर माणसाची जागा जाते, शून्य पुसायची वेळ आली ती जाते. नाही सांगावं तर जन्मभर हा माणूस दुसऱ्यांना विचारणार 'किती जण' आणि त्याचाच आकडा खोटा. मी रडले, सरळ सांगते. सकाळी जाऊन उभी राहिले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. मी यमुनाबाईंजवळ बोलले म्हणून हे झालं, मला दिसलं तरी मी गप्प बसले, हेही सांगितलं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "नक्की नऊच? मोजलेत?"

आणि तडक यमुनाबाईंच्या ओट्यावर. मी मागे. मला वाटलं आता हा माणूस हिला खातो.

"यमुनाबाई, हे तुम्ही का केलंत?" शुद्ध पुणेरी. मी घाबरले.

यमुनाबाई मुळीच घाबरल्या नाहीत. "काहून म्हंजे? तुमाले पायजे नव्हते का? शाळेत तपासनीस येते, मास्तराले पोट्टे कमी पडतेत, आमी केनवडच्या पाव्हण्यायचेबी पोट्टे बसवून देतो. तुमाले फोड कमी पडले, फोड देल्ले. लोकायनं आपल्या आंगावर घेतले जी! तुमाले काई मांगतलं का कोनं?"

साहेब ओट्यावर खाली बसले. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. मग हसू फुटलं ते असं की शेजारपाजारची माणसं गोळा झाली. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते चष्मा काढून पुसायचं सोडून यमुनाबाईंना विचारत होते, "सरपंचालासुद्धा? सरपंचानं पाय पुढे केला?"

"बम वरडला," यमुनाबाई म्हणाल्या. "पण केला."

त्या नऊंना एकेकाला बोलावून साहेबांनी पोटऱ्या तपासल्या. ज्याचा डाग खाजत होता त्याला मलम दिलं. मग दार लावून टाइपरायटरवर बसले. उरलेल्या एक्क्याण्णवांचा हिशेब पुन्हा मांडला तेव्हा तीळ आणि खोबरं बरोबरीत सुटले. म्हणजे पेपरातली मुख्य गोष्टच गेली. तसं सांगणारी दुरुस्ती त्यांनी मासिकात छापायला म्हणून टाइप केली.

मी हात जोडले. "साहेब, आधी मुलाखत होऊ द्या. मग पाठवा काय पाठवायचं ते. कोण विचारतंय तिकडं?"

"कोणी विचारत नाही, म्हणूनच सांगायला हवं," ते म्हणाले आणि कागद दुमडून लिफाफ्यात घातला. बघितलं तर लिफाफा पातळ होता.

मासिकाला पाठवायच्या आधी त्यांनी त्या नऊंना कडुनिंबाखाली बसवून मराठीत वाचून दाखवलं. कोणाची लाज काढायची नव्हती, पण ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एवढंसं होतं ते. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे : "माझ्या शंभर रुग्णांपैकी नऊ जण आजारी नव्हते. ते माझे मित्र होते, आणि त्यांनी मला हवं ते उत्तर दिलं. चूक त्यांची नाही. मला काय हवं आहे हे मी त्यांना दिसू दिलं."

सरपंचांनी विचारलं, "आमचे नावं हायेत का जी त्यात?"

"नावं नाहीत. मोजणी आहे."

मुनीरभाई मात्र पाठ फिरवून सायकलची घंटी पुसत राहिले. ते पाकीट मालेगावला न्यायचं काम त्यांच्याच वाट्याला आलं होतं.

मुलाखतीला साहेब गेले, आणि जाताना त्या दुरुस्तीची प्रत स्वतःच्या हातानं समितीच्या टेबलावर ठेवून आले. त्यांना दोन प्रश्न विचारले आणि जा म्हटलं. गुरुजींनी तीन पानी पत्रात त्यांना वेडा ठरवलं. परत आल्यावर ट्रंक पुन्हा माळ्यावर टाकत साहेब म्हणाले, "प्रवास. निष्कर्ष : लायब्ररी खरंच चार मजली आहे. मर्यादा : मी फक्त तळमजला पाहिला." मी हसले नाही. मग तेही थांबले आणि हळूच म्हणाले, "वाईट वाटलं, सिस्टर. खोटं कशाला बोलू?"

यमुनाबाई वेगळ्याच फुगल्या. "म्या एवढं केलं अन् ह्यानं गोऱ्यायले सांगून देल्लं! माह्या हातचा बिबा खोटा म्हने!" साहेब दिसले की त्या रस्ता बदलायच्या. सुनेला ताप आला तरी स्वतः आल्या नाहीत, नातवाच्या हाती निरोप धाडला. साहेबांना जागा गेल्यापेक्षा हे जास्त लागलं असावं, कारण दर गुरुवारी ते तिच्या ओट्यावरून मुद्दाम जायचे आणि मोठ्यानं खाकरायचे. आतून दार लावल्याचा आवाज यायचा.

त्यानंतरच्या दिवाळीला पत्र आलं, "यंदाही नाही." पुढच्या वर्षीही तेच. शून्य पुसलं गेलं, शून्य काढलं गेलं. रंगीत कार्डं बंद झाली होती. मला वाटलं, संपलं.

त्यापुढच्या वर्षी वेचणीच्याच दिवसांत मुनीरभाई आले. लायब्ररीवाल्या दोस्ताचं पत्र नेहमी पोस्टकार्डावर यायचं, पण या खेपेला लिफाफा होता. मुनीरभाईंनी तो दोन बोटांत धरून दाबून पाहिला, पुन्हा पाहिला. "साहेब," ते म्हणाले, "ना मोटा, ना पतला. मले समजून नाई राह्यलं."

साहेबांनी उभ्या उभ्या फोडला. आत एका परदेशी पेपराच्या शेवटच्या पानाची नक्कल होती, बारीक टायपातली यादी, आणि तिच्यात तांबड्या शाईनं एक ओळ अधोरेखित केलेली. साहेबांनी ती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"सिस्टर," ते म्हणाले, "पेपराचा नाही. कुसळाचा नाही, भेगांचा नाही, बिब्याचा नाही. त्या दुरुस्तीचा उल्लेख आहे. कोणी एका डॉक्टरीणबाईनं लिहिलंय, पेशंट डॉक्टरला खूश करायला काय काय सांगतात त्यावर. आणि ते 'मित्र होते' वालं वाक्य तिनं अख्खं घेतलंय."

मी विचारलं, "मग आता एक लिहायचा ना?"

त्यांनी खडू घेतला, दारापाशी गेले, बाहीनं शून्य पुसलं आणि थांबले. खडू तसाच हातात घेऊन ओटा उतरून चालू लागले. मी आणि मुनीरभाई मागोमाग. यमुनाबाई अंगणात तूर वाळत घालत होत्या. पळायला त्यांना वेळच मिळाला नाही.

"चला," साहेब म्हणाले. "तुमच्या नऊंचा निकाल लागलाय. दारावर एक काढायचा आहे आणि तो तुम्हीच काढायचा."

"मले कुठी लेयता येते जी?" यमुनाबाई तोंड फिरवून म्हणाल्या, पण डोळे भरून आले होते ते मला दिसलं.

"बिब्याची रेघ वढता येते ना? मंग तशीच वढा."

वऱ्हाडी ऐकली आणि त्या उठल्या. दवाखान्यात येऊन दारासमोर उभ्या राहिल्या, पदर खोचला, खडू सुईसारखा चिमटीत धरला आणि श्वास रोखून वरून खाली एक रेघ ओढली. सरळ, काळजीपूर्वक, जशी कोणाच्या दुखऱ्या गुडघ्यावर ओढावी. मागे सरकून त्यांनी ती पाहिली. मग साहेबांकडे पाहिलं.

"एवढ्या वर्साचा बस एकच?" त्यांचा जीव कळवळला. खडू पुन्हा वर गेला. "थांबा जी, आनखी नऊ वढून देतो. तुमाले कमी नाई पडू देत."

साहेबांनी त्यांचा हात वरच्यावर धरला. दोन्ही हातांनी धरला आणि सोडेचनात.

"नाई, यमुनाबाई," ते म्हणाले. "राहू द्या एकच. हा खरा हाय."